घरच्या सर्व्हरमधली डिस्क बदलताना

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत कोकणातल्या बऱ्याच घरांत एक नवी वस्तू, घरचा सर्व्हर, आली आहे आणि तिच्याविषयी वृत्तपत्रांतून फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. मुंबई-पुण्याला असलेली मुले गणपतीला किंवा मे महिन्यात घरी येतात, जुने फोटो, लग्नांच्या सीडी, सातबारा आणि फेरफारांच्या स्कॅन केलेल्या प्रती, आंब्याच्या बागेचे हिशेब, शिमग्यात अंगणात नाचलेल्या पालखीचे चित्रीकरण असे सगळे एकत्र करतात, आणि दोन किंवा चार हार्ड डिस्क बसणारा एक छोटा सर्व्हर, म्हणजे घरातली सगळी माहिती साठवून ती इतरांना पुरवणारा संगणक, माजघरात किंवा टीव्हीच्या कपाटात जोडून देऊन परत जातात. सोय उत्तम आहे. आईवडिलांना टीव्हीवर नातवंडांचे फोटो दिसतात, मुलांना मुंबईत बसून जमिनीचे कागद उघडता येतात. मात्र त्यातली एखादी डिस्क बंद पडली तर काय करायचे हे सहसा कोणी सांगून गेलेले नसते, आणि डिस्क ही कधी ना कधी बंद पडणारीच वस्तू आहे. मी दापोली तालुक्यात समुद्राकाठी राहतो; माझ्या घरी आणि आसपासच्या काही घरांत असे सर्व्हर आहेत आणि त्यांतल्या डिस्क बदलण्याचे काम मी करत आलो आहे. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की हे काम अवघड नाही, पण ते ठरावीक क्रमानेच करावे लागते, आणि कोकणात तर त्याची तयारी डिस्क जाण्याच्या आधीच करून ठेवावी लागते.

अशा सर्व्हरमध्ये माहिती एकाहून अधिक डिस्कवर अशा रीतीने लिहिलेली असते की एखादी डिस्क गेली तरी काम चालू राहते. या रचनेला रेड (RAID) म्हणतात. तिची मांडणी १९८८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी केली. घरगुती वापरात बहुधा दोन डिस्कचा मिरर असतो, म्हणजे एकीवर जे आहे तेच दुसरीवर. तीन-चार डिस्क असतील तर पुष्कळदा रेड-५ असते, ज्यात कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या डिस्कवरून तिच्यातली माहिती हिशेबाने परत काढता येते. याचा परिणाम असा होतो की डिस्क गेल्याचे घरच्यांना जाणवतच नाही. सर्व्हर बीप करू लागतो, पुढचा हिरवा दिवा नारिंगी किंवा लाल होतो, पण फोटो पूर्वीसारखेच उघडतात. मग आवाज बंद करण्याचे बटण कोणीतरी दाबतो आणि दिवाळीला मुलगा आला की बघेल असे ठरते. ज्या क्षणी तो दिवा लाल झाला त्या क्षणापासून मिरर किंवा रेड-५ असलेल्या घराला काहीही संरक्षण उरलेले नसते, हे मला येथे आवर्जून सांगायचे आहे. दुसरी डिस्क गेली की सगळे गेले.

अर्थात लाल दिवा म्हणजे डिस्कच गेली असे नाही, आणि आपल्या किनारपट्टीवर तर हे फार नीट पारखून घ्यावे लागते. खाऱ्या, दमट हवेचा त्रास डिस्कच्या आतल्या भागाला सहसा होत नाही. साध्या डिस्कला हवेचा दाब सारखा राहण्यासाठी एक बारीक छिद्र असते आणि त्याच्या आत गाळणी असते. त्रास होतो तो बाहेरच्या धातूला. मी उघडलेल्या सर्व्हरांपैकी काहींत केबलच्या टोकाशी हिरवट, पांढुरकी बुरशीसारखी पूड दिसली, पंख्याचे स्क्रू तांबेऱ्याने इतके धरले होते की पेचकस घसरत होता, आणि एका ठिकाणी हवेसाठी ठेवलेल्या भोकांतून पालीने आत जाऊन सर्किटवर अंडी घातलेली होती. अशा वेळी डिस्क उत्तम असते आणि दोष असतो तो जोडणीत. हे ओळखण्याची सोय डिस्कमध्येच आहे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची स्मार्ट या नावाने नोंद ठेवते आणि सर्व्हरच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या व्यवस्थापनाच्या पानावर, ती पाहता येते. त्यातली ५ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब निघाल्याने बदलून घेतलेले सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्याने निकालासाठी थांबलेले सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले सेक्टर. यांतला आकडा वाढत चालला असेल तर डिस्क बदलायलाच हवी. मात्र १९९ क्रमांकाची नोंद वाढत असेल आणि बाकीच्या शून्यावर असतील, तर माहिती डिस्कपासून सर्व्हरपर्यंत येताना वाटेत बिघडत आहे असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा आधी वीज बंद करून केबल बदलावी किंवा डिस्क काढून जोडणी स्वच्छ करून पुन्हा घट्ट बसवावी. केबल बदलल्यावर तो आकडा खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो, म्हणून घाबरून जाऊ नये. या नोंदी स्वच्छ आहेत म्हणून निश्चिंत राहणेही चूक आहे. गूगलने आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये धोक्याच्या प्रमुख नोंदींपैकी एकही आधी उमटलेली नव्हती.

डिस्क गेलीच आहे हे नक्की झाल्यावर बहुतेक जण ताबडतोब नवी डिस्क बसवायला धावतात. माझे सांगणे असे की त्याआधी उरलेल्या डिस्कवरची अत्यावश्यक माहिती एखाद्या बाहेरच्या यूएसबी डिस्कवर उतरवून घ्यावी. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नवी डिस्क बसवल्यावर सर्व्हर जी पुनर्बांधणी करतो, जिला रिबिल्ड म्हणतात, तिच्यात उरलेल्या डिस्क बहुधा पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सलग वाचल्या जातात. उरलेली डिस्क बहुतेक वेळा गेलेल्या डिस्कबरोबरच, त्याच दुकानातून, त्याच दिवशी घेतलेली असते, तिने तितकेच उन्हाळे-पावसाळे काढलेले असतात, आणि तिचे काही भाग वर्षानुवर्षे कोणी वाचलेलेही नसतात. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात साधारणपणे दर १०^१४ (एकावर चौदा शून्ये) बिट वाचनामागे एखादी न वाचता येणारी चूक गृहीत धरलेली असते. हे प्रमाण सुमारे १२.५ टेराबाइटला एक असे पडते. प्रत्यक्षात डिस्क पुष्कळदा याहून बऱ्या निघतात, तरीही चार मोठ्या डिस्कच्या रेड-५ मध्ये रिबिल्ड करताना हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. म्हणून जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते आधी उतरवावे: आजीआजोबांचे फोटो, घरातल्या गेलेल्या माणसांचे आवाज, हाताने लिहिलेल्या वह्यांचे स्कॅन. चित्रपट आणि गाणी शेवटी उतरवली किंवा नाही उतरवली तरी चालेल. ज्यांच्या सर्व्हरवर महिन्यातून एकदा सर्व डिस्क वाचून तपासण्याची सोय आधीपासून चालू केलेली आहे, त्यांना ही भीती पुष्कळ कमी असते, कारण कोपऱ्यातला खराब सेक्टर दोन्ही डिस्क शाबूत असतानाच सापडतो आणि सुधारला जातो. ही सोय जवळजवळ प्रत्येक सर्व्हरमध्ये असते. ती चालू आहे का, एवढे पाहून घ्यावे.

त्यानंतरची पायरी म्हणजे नेमकी गेलेली डिस्क ओळखणे, आणि सगळ्यांत मोठे नुकसान येथेच होते. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरी दोन डिस्कचा मिरर होता. बीप सुरू झाल्यावर त्यांनी तालुक्याच्या गावातून एका कारागिराला बोलावले. पडद्यावर दुसरी डिस्क गेल्याचे दिसत होते. त्याने डावीकडून दुसरी मोजून काढली, पण त्या पेटीत क्रमांक उजवीकडून सुरू होत होते. चांगली डिस्क टेबलावर आली, गेलेली आतच राहिली, आणि तिच्या शेजारी त्याने कोरी डिस्क सरकवली. साहजिकच सर्व्हरला काहीच सापडेना आणि पडद्यावर नवीन व्हॉल्यूम (माहिती ठेवण्याची कोरी जागा) तयार करायचा का, असा प्रश्न आला. बाईंनी तेव्हाच त्याचा हात धरला आणि मला बोलावणे पाठवले. टेबलावरच्या डिस्कवर त्यांच्या सगळ्या नोकरीतले वर्गांचे फोटो आणि त्यांच्या आईने म्हटलेल्या ओव्या सुखरूप होत्या. तीही डिस्क सर्व्हरमध्ये असताना त्या प्रश्नाला होकार दिला गेला असता, तर दोन्ही डिस्क नव्याने आखल्या गेल्या असत्या. दोष त्या एकट्या कारागिराचा म्हणता येत नाही, कारण पेटीवर कोणताही क्रमांक नव्हता.

यावर उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक डिस्कवर तिचा सिरियल नंबर छापलेला असतो आणि सर्व्हरच्या पानावरही तो दिसतो. सर्व्हर नीट चालू असतानाच एकेक डिस्क कोणत्या खणात आहे याची नोंद करावी आणि नंबराची शेवटची चार अक्षरे खणाच्या तोंडाशी चिकटपट्टीवर लिहून लावावीत. संगणक स्वतः डिस्कला जी एसडीए, एसडीबी अशी नावे देतो त्यांवर विसंबू नये, कारण सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती नावे बदलू शकतात. सर्व्हर चालू असतानाच खणातून डिस्क ओढून काढायची सोय नसेल तर ती चालू सर्व्हरमधून काढू नये, वीज बंद करून मगच काढावी. आणि नवी डिस्क बसवल्यावर पडद्यावर दुरुस्ती करा आणि नवीन तयार करा असे पर्याय आले, तर दुरुस्तीचाच पर्याय घ्यावा. तो दिसत नसेल तर काहीही न दाबता थांबावे आणि जाणकाराला विचारावे.

नवी डिस्क कोणती घ्यावी याबद्दल आपल्याकडे दुकानात फारसे विचारले जात नाही आणि सांगितलेही जात नाही. ती जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी, हे उघड आहे; एका कंपनीच्या ४ टेराबाइटमध्ये दुसऱ्या कंपनीच्या ४ टेराबाइटपेक्षा थोडे सेक्टर कमी निघाले तर काही सर्व्हर ती स्वीकारत नाहीत. कमी उघड गोष्ट म्हणजे डिस्कवर लिहिण्याची पद्धत. सीएमआर पद्धतीत चकतीवरचे पट्टे शेजारी शेजारी असतात, तर एसएमआर पद्धतीत ते छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधला पट्टा बदलायचा तर पुढचे पुष्कळ पट्टे पुन्हा लिहावे लागतात. साध्या साठवणीला एसएमआर डिस्क चालते, पण रिबिल्डमध्ये तास न् तास सलग लिहावे लागते तेव्हा ती फार मंदावते आणि कधी कधी सर्व्हर तिलाच नादुरुस्त ठरवून बाहेर काढतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या खास सर्व्हरसाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (Red, वर सांगितलेली रेड रचना नव्हे) या नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्कही एसएमआर असल्याचे उघड झाले आणि त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क रेड प्लस या नावाने वेगळ्या केल्या. तेव्हा दुकानदाराकडे फक्त ४ टीबीची डिस्क न मागता मॉडेल क्रमांक लिहून द्यावा. आल्यावर स्मार्ट नोंदीत तिचे चालू तास, म्हणजे ती आजवर किती तास चालली आहे, ते पाहावेत. नव्या डिस्कवर ते शून्याच्या आसपास असायला हवेत. शक्य असेल तर सर्व्हरमध्ये घालण्यापूर्वी तिची लांब तपासणीही करून घ्यावी.

मुंबईत अशी डिस्क दुसऱ्या दिवशी दारात येते. आमच्याकडे जुलैत घाटात दरड आली, रस्ता बंद झाला, कुरियर खेडला अडकले, तर आठवडाही जातो, आणि तेवढा सगळा काळ घर एकाच डिस्कवर उभे असते. म्हणून माझा आग्रह आहे की कोकणात सर्व्हर घेताना एक डिस्क जास्तीची घ्यावी, ती आधी तपासून घ्यावी आणि ओलावा शोषणाऱ्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवून द्यावी. खर्च वाढतो हे मान्य आहे. तरीही चार डिस्कचा मोठा सर्व्हर घेण्यापेक्षा दोन डिस्कचा घेऊन तिसरी कपाटात ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

रिबिल्डला किती वेळ लागतो याचाही अंदाज हवा. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने सलग लिहिली गेली तरी साडेसात तासांच्या आसपास लागतात, आणि त्याच वेळी घरात कोणी सर्व्हर वापरत असेल तर बरेच जास्त. मृगाच्या आधीचे वळीव आणि हस्ताचा परतीचा पाऊस दोन्ही आपल्याकडे गडगडाट घेऊन येतात, तेही बहुधा दुपारनंतर. वीज कडाडू लागली की टीव्हीचा प्लग काढण्याची सवय घरोघरी आहे, पण सर्व्हरला जोडलेली नेटवर्कची तांब्याची केबल मात्र तशीच राहते आणि विजेचा झटका तिच्यातूनही येऊ शकतो. त्या दिवसांत रिबिल्ड रात्री आभाळ निवळल्यावर सुरू करावे, म्हणजे सकाळपर्यंत बराचसा भाग उरकतो. सर्व्हर घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याचे बटण यूपीएसच्या बाजूला आहे का ते पाहावे; ते नॉर्मलवर असेल तर वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात सर्व्हर बंद पडू शकतो. वेगळा छोटा यूपीएस असेल आणि तो यूएसबी तारेने सर्व्हरला जोडलेला असेल तर फारच चांगले, कारण बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. मध्येच वीज गेलीच, तर आजच्या बहुतेक प्रणाली राहिलेले रिबिल्ड पुढे चालू करतात, त्यामुळे घाईघाईने डिस्क बाहेर काढू नये.

हे सर्व करूनही एक गोष्ट उरते. दोन डिस्कवर सारखीच माहिती असली तरी त्या दोन्ही एकाच पेटीत, एकाच छपराखाली असतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले तेव्हा दापोली-मंडणगडातली कितीतरी छपरे उडाली आणि पाऊस थेट माजघरात आला. पुढच्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणातल्या घरांत आणि दुकानांत शिरले. अशा वेळी मिररच्या दोन्ही डिस्क एकदमच भिजतात. चुकून पुसलेली फाइलही दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. म्हणून मिररला बॅकअप समजू नये आणि एक प्रत घराबाहेर ठेवावी. कोकणी माणसाला ही सोय जितकी सहज आहे तितकी इतर कोणाला नसेल, कारण प्रत्येक घराचे कोणी ना कोणी मुंबईला असतेच. गणपतीला आलेल्याने यूएसबी डिस्कवर ताजी प्रत घेऊन जावी, शिमग्याला येताना ती परत आणावी आणि दुसरी न्यावी. इंटरनेटवरून रोज प्रत पाठवण्याचीही सोय असते, पण आमच्यासारख्या गावांत तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही.

काढलेल्या जुन्या डिस्कबद्दल थोडे. तिची वॉरंटी तपासावी. सर्व्हरसाठीच्या अनेक डिस्कना तीन वर्षांची वॉरंटी असते. मात्र वॉरंटी डिस्कची असते, तिच्यातल्या माहितीची नसते, आणि बदली मिळवायची तर जुनी डिस्क आतल्या माहितीसकट द्यावी लागते. बंद पडलेल्या डिस्कवरून घरातली आधार कार्डे आणि बँकेची पासबुके पुसता येत नाहीत, पण ती वाचून काढणारे तंत्रज्ञ असतात. सर्व्हर पहिल्यांदा लावतानाच सांकेतिक कुलूप (एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय माहिती वाचता न येण्याची सोय) चालू केले असेल आणि त्याची किल्ली कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली असेल, तर ही चिंता राहत नाही. नसेल तर वॉरंटीवर पाणी सोडून डिस्क भोके पाडून निकामी करावी, हे मी सुचवीन. नंतर ती भंगारात किंवा वहाळात जाऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच पोचायला हवी, आणि तालुक्याच्या ठिकाणी ती गोळा करण्याची सोय असेल तरच ते घडेल. नगरपंचायतींनी वर्षातून एक दिवस जरी असे संकलन ठेवले तरी पुष्कळ काम होईल.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. आगोटीच्या तोंडावर मे महिन्यात आपण छप्पर, विहीर, गुरे, विजेची उपकरणे यांच्या पावसाळी तयारीवर मजकूर छापता. त्यात घरच्या सर्व्हरसाठी एक छोटी चौकट द्यावी: कोणत्या खणात कोणता सिरियल नंबर, जास्तीची डिस्क कोठे ठेवली आहे, शेवटची प्रत मुंबईला कधी गेली, आणि लाल दिवा लागल्यावर कोणाला फोन करायचा. ती चौकट कापून सर्व्हरच्या पाठीवर चिकटवता येईल अशा आकाराची असावी, कारण बीप सुरू होतो तेव्हा घरात बहुधा वृद्ध आईवडीलच असतात आणि त्यांच्या हाती मराठीत लिहिलेला एक कागद असणे गरजेचे असते. एमएस-सीआयटी केंद्रांनी आणि आयटीआयच्या शिक्षकांनी मनावर घेतले तर डिस्क ओळखून बदलण्याचे प्रात्यक्षिक एका दुपारी शिकवून होईल. आमच्या परिसरातल्या कोणत्याही वाचनालयाने किंवा शाळेने असे प्रात्यक्षिक ठेवल्यास स्वतःचा सर्व्हर आणि कामातून गेलेल्या दोन-तीन डिस्क घेऊन मी तेथे यायला तयार आहे.

आपला नम्र,
एक वाचक
ता. दापोली, जि. रत्नागिरी